तीन आठवड्यांचा अबोला

बोरदरा हे आमचं गाव आता पाण्याखाली आहे. धरणाची पहिली मोजणी झाली तेव्हा मी शाळेत होते आणि गाव खरंच उठलं तेव्हा बुलढाण्याच्या दवाखान्यात परिचारिका होऊन मला दहा वर्षं झाली होती. मधल्या काळात लोक दरवर्षी म्हणायचे, "पुढल्या साली उठा लागते बापा," आणि दरवर्षी पुन्हा कपाशी लावायचे. त्यामुळे दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत शेवटची नोटीस आली, तेव्हा पहिले दोन दिवस कुणी ती नीट वाचलीसुद्धा नाही.

ही गोष्ट माझ्या आईची आहे, झुंबरबाईची.

बोरदऱ्यात आम्हा ख्रिस्ती लोकांची एकेकाळी सात घरं होती. पोरं शिकून पुण्याला, औरंगाबादला गेली. म्हातारी माणसं एकेक करून नदीकाठच्या आमच्या छोट्या कब्रस्तानात गेली. माझे वडील भाऊराव मंडळीचं, म्हणजे चर्चचं, काम बघायचे. पाळकसाहेब महिन्यातून एक रविवार यायचे, बाकीचे रविवार बाबांचे. दोन एकर कोरडवाहू शेत, टिनाच्या छपराचं प्रार्थनाघर आणि नदीपलीकडं ऐकू जाईल असा आवाज, एवढीच त्यांची इस्टेट. दोन हजार सहाच्या डिसेंबरात, नाताळ नऊ दिवसांवर आलेला असताना, शेतात कापसाचं गाठोडं उचलता उचलता ते कोसळले आणि उठलेच नाहीत. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, वसतिगृहात. मी पोचले तेव्हा वहाबचाचांनी कबर खणून ठेवली होती.

बाबांनंतर प्रार्थनाघराची किल्ली आईनं आपल्या कमरेला लावली. तिला वाचता बेताचंच येतं, पण गीतं सगळी पाठ. रविवारी कुणी आलं तर ठीक, नाही आलं तरी ती एकटी चटई अंथरून उपासना करायची. आणि गावात कुणाच्याही घरी मयत झाली की आई तिथं हजर. हिंदूचं घर असो, मुसलमानाचं असो. ती पाणी भरायची, चूल पेटवायची, रडणाऱ्या बाईच्या पाठीवर हात ठेवून बसायची, आणि कुणी विचारलं तरच बोलायची.

"हे जग म्हणजे बाजाराचा दिवस आहे," ती म्हणायची. "सांजच्याले उठतोच. पण बाजार उठला म्हणून घरी जाणारं माणूस रडते का? ज्याले घर आहे, ते थैली उचलते अन् चालाले लागते. येशूनं आपल्यासाठी घर करून ठेवलं आहे. मग कायची चिंता?"

तिच्या तोंडून हे ऐकलं की खरं वाटायचं. मलाही वाटायचं.

नोटिशीच्या आधीचा हिवाळा वाईट गेला होता. बीटी कपाशी पहिल्यांदा आली तेव्हा गावात लग्नासारखी धामधूम होती. बोंडअळी आता पोरांना चित्रातच दाखवावी लागेल, असं लोक छातीठोकपणे सांगायचे. पंधरा वर्षांनी, बोरदऱ्याच्या मातीतल्या त्या शेवटच्या पिकात, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी बसलेली. बाहेरून हिरवंगार बोंड, आतला कापूस कुजलेला. कित्येकांनी उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडून दिली. पीक गेलं आणि मागोमाग गाव जाणार असल्याचा कागद आला. त्या दिवसांत आई रोज कुणा ना कुणाच्या ओट्यावर बसलेली असायची. माझ्याशी फोनवर बोलायलाही तिला सवड नव्हती.

म्हणून मार्चमध्ये वहाबचाचांचा फोन आला, तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना. वहाबचाचा आमचे शेजारी. कापूस पिंजून गाद्या भरायचं त्यांचं काम, आणि बाबांचे ते लहानपणापासूनचे दोस्त.

"पूनम बेटा, सुट्टी काढून ये," ते म्हणाले. "भाभी गाव सोडाले तयार नाही."

"कोण? आई?"

"हाव. मोजणीवाल्या साहेबाले सांगतलं तिनं, मी इथंच बसते, येऊ द्या पाणी. साहेब घाबरून निघून गेला."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. आई घरी नव्हती. ती कब्रस्तानात होती, बाबांच्या कबरेवरचं वाळलेलं गवत उपटत बसलेली. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. सगळ्या कबरांचे दगड कुठं ना कुठं कलले होते. बाबांचा दगड मात्र आईनं दरवर्षी सरळ करून घेतला होता.

"आई, मी काय ऐकून राह्यली?"

"बरोबर ऐकलं."

"घर जाणार, शेत जाणार, त्याचं तुले काही वाटलं नाही. मग हे काय?"

"घराचं काय. मातीचं आहे." तिनं मान वर केली नाही. "यांले पाण्यात सोडून मी येत नाही."

"पण तूच तं सांगते ना लोकाइले, माणूस मातीत राहत नाही म्हणून?"

तिनं आणखी एक मूठ गवत उपटलं. मग म्हणाली, "दुसऱ्याले सांगणं सोपं असते, पूनम."

माझ्या आईच्या तोंडी हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मला राग आला, आणि रागाच्या खाली भीती वाटली. बाबा गेल्यापासून मी तिच्या विश्वासाला टेकून उभी होते. दवाखान्यात रोज माणसं जाताना बघायची आणि मनात म्हणायचं, आई सांगते तसं असेल. आता आईच मागं सरकत होती.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी मोताळ्याला, तहसील कचेरीत जाऊन चौकशी केली. कुणाला आपल्या माणसाची कबर नव्या गावठाणात हलवायची असेल तर अर्ज करून परवानगी मिळत होती. मी अर्ज केला. आईला सांगितलं तेव्हा तिनं फक्त मान हलवली. आमचे पाळक इंद्रभानसाहेब बुलढाण्याहून येत. वयस्क, शांत माणूस. ते म्हणाले, "गरज नाही, पण मनाई पण नाही. बाईंच्या मनाला बरं वाटत असेल तर करू." ईस्टरनंतरचा मंगळवार ठरला.

ईस्टरची उपासना त्या प्रार्थनाघरातली शेवटची उपासना होती. गाव सोडून गेलेले बरेच जण त्यासाठी आले होते. खोली भरली, माणसं बाहेर लिंबाखाली उभी राहिली. प्रभू उठला आहे म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवत गायलं. आई पुढच्याच चटईवर होती. तिचे ओठ हलत नव्हते. इंद्रभानसाहेबांनीही ते पाहिलं, मी पाहिलं.

मंगळवारी सकाळी आम्ही कब्रस्तानात गेलो. इंद्रभानसाहेब, वहाबचाचा, आई आणि मी. वहाबचाचांच्या हातात कुदळ आणि फावडं होतं. नवी पेटी सुताराकडून आणून लिंबाच्या सावलीत ठेवली होती. आम्ही पोचतो न पोचतो तोच गोकुळ आला. नदीपलीकडं शेत असलेला हा शेतकरी पन्नाशीचा, फार कमी बोलणारा. बायको फार पूर्वी वारलेली. दोन मुली एकट्यानं वाढवल्या आणि दोघींची लग्नं करून दिली. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "माती कडक आहे," एवढंच तो म्हणाला आणि आपली कुदळ घेऊन बाजूला उभा राहिला.

इंद्रभानसाहेबांनी छोटी प्रार्थना केली. वहाबचाचांनी टोपी नीट केली आणि विचारलं, "भाभी, सुरू करू?"

आईनं मान डोलावली.

कुदळीचे तीन घाव पडले. ढेकळं दगडासारखी सुटून बाजूला पडली. चौथ्या घावासाठी हात वर गेला आणि आई ओरडली, "थांबा!"

ती खाली बसली. दोन्ही हात त्या उकरलेल्या मातीवर ठेवले.

"मी बोलली नाही त्याइच्याशी," ती म्हणाली. "तीन आठवडे मी एक शब्द बोलली नाही, अन् ते तसेच गेले."

मी तिच्याजवळ बसले. मला काही समजत नव्हतं. इंद्रभानसाहेबही खाली मातीवरच बसले आणि हळूच म्हणाले, "सांगा, बाई."

मग तिनं सांगितलं. अकरा वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही.

"त्या वर्षी कपाशी अशी फुटली होती की शेत पांढरं दिसे. वेचाले माणसं भेटत नव्हते. अन् ऐन वेचणीत हे निघून गेले. चार दिवस घरी नाही. दुपारी एखाद्या वेळेस येत, भाकर बांधून घेत, पुन्हा गायब. तिसऱ्या दिवशी अवकाळी आला. माह्या एकटीनं किती वेचनं होईन? सारा कापूस झाडावरच भिजला. बोंडाइतल्या सरकीले कोंब फुटले. पाचव्या दिवशी घरी आले. मी विचारलं, कुठं होते? तर म्हणे, एका माणसाजवळ होतो. कोणाजवळ? तर म्हणे, ते सांगता येत नाही, झुंबर. शब्द देल्ला आहे."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मले लय राग आला. नवरा बायकोपासून लपवते म्हणजे काय? मनात नाही नाही ते आलं. त्या दिवसापासून मी अबोला धरला. ताट वाढलं, पाणी तापवलं, कपडे धुतले, पण शब्द टाकला नाही. ते बोलत, हासत, माह्या मागंमागं फिरत. मी भिंतीसारखी. त्या दिवशी सकाळी ते उंबऱ्यात उभे राह्यले अन् म्हणाले, 'येतो.' मी 'या' म्हणाली नाही. पाठ करून भांडे घासत राह्यली. अन् दुपारी त्याइले खाटेवर घालून आणलं."

नदीकाठी कुणाची तरी म्हैस हंबरली.

"सगळ्याइले मी सांगते, पाळकसाहेब, की प्रभू येईन, मेलेले उठतीन, आपल्या माणसाची भेट होईन. खोटं नाही सांगत. मले ते खरंच वाटते. पण मलेच त्या भेटीची भीती वाटे. ते उठले, माह्याकडं पाह्यलं, अन् विचारलं, काऊन वो झुंबर, येवढं काय झालं होतं? तं मी काय सांगू? इथं होते तं बरं होतं. रोज येऊन माफी मागत होती. ते काही म्हणत नव्हते. आता पाणी आलं तं मी कुठं जाऊ?"

मी नर्स आहे. माणसं कशाकशानं आतून झुरतात ते मी रोज बघते. आणि माझ्याच आईच्या छातीवर अकरा वर्षं हा दगड होता, तो मला दिसला नव्हता.

इंद्रभानसाहेब काही बोलणार होते. त्याआधीच गोकुळ पुढं आला. त्यानं हातातली कुदळ जमिनीवर ठेवली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मावशी," तो म्हणाला, "ते चार दिवस भाऊरावकाका माह्याजवळ होते."

आईनं मान वर केली.

"त्या वर्षी आषाढात पोरीइची माय गेली. तुमाले मालूमच आहे. दिवाळीच्या आगंमागं कपाशीवर लाल्या आला, सारं शेत लाल पडलं. पण पिकाचंच नव्हतं मावशी, मले कायचंच काही उरलं नव्हतं. पोरी मामाकडं पाठवून देल्ल्या. अन् एक दिवस मी फवारणीची बाटली घेऊन शेतातल्या झोपडीत बसलो. झाकण उघडलं होतं. काका बांधावरून चालले होते. का वळले काय माहीत. आत आले, बाटलीकडं पाह्यलं, अन् माह्या बाजूले बसले."

"काय म्हणाले?" वहाबचाचांनी विचारलं.

"काहीच नाही म्हणाले. मी म्हटलं, जा तुम्ही. ते म्हणाले, मी नाही जात गोकुळ, आज मले काही काम नाही. अन् वेचणी चालू होती तुमची! बाटली त्याइनं उचलून नेली, कुठं टाकली ते मले अजून माहीत नाही. मग चार दिवस तिथंच. माह्यासंगं जेवत, माह्यासंगं झोपत. माह्या शेतात जेवढा कापूस होता तेवढा आम्ही दोघाइनं वेचला. पाऊस आला तवा मी म्हटलं, काका, तुमची कपाशी भिजून राह्यली, जा ना. तं म्हणाले, कपाशी पुढल्या साली बी येते."

आई त्याच्याकडं बघतच राहिली होती.

"मी त्याइच्याकडून शब्द घेतला, कोणाले सांगू नका. पोरी होत्या ना मावशी. बाप औषध घेऊन बसला होता म्हटल्यावर कोण सोयरीक करते? त्याइनं शब्द पाळला. मग मले कानावर आलं, तुमी बोलत नाही त्याइच्याशी. मी गेलो त्याइच्याकडं. म्हटलं, काका, मी मावशीले सांगून टाकतो. माह्यामुळं तुमच्या घरात वाईट चालू आहे. तं ते हासले."

"हासले?"

"हाव. म्हणाले, काही सांगू नको. झुंबर बोलत नाही, पण रोज दुधावरची साय माह्याच ताटात टाकते. पह्यले अर्धी टाके, आता सारी टाकते. इतक्या रागात साय कोण टाकते, गोकुळ? तिचा राग मले समजते. ती आपोआप बोलन, मी वाट पाहतो, मले काही घाई नाही."

आईनं पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलायला लागले. मी तिला धरलं. मला वाटलं ती रडते आहे, आणि रडतच होती. पण पदराआडून आवाज आला तो हसण्याचाही होता.

"साय म्हणाले?" तिनं पुन्हा विचारलं.

"साय म्हणाले, मावशी."

"अन् मले वाटे, त्याइच्या ध्यानातच येत नाही." ती डोळे पुसत पुन्हा हसली आणि पुन्हा रडली. मग एकाएकी तिचा चेहरा बदलला. "अकरा वर्षं, गोकुळ. एक शब्द सांगतला असता तं..."

गोकुळनं हात जोडले. "मोठीचं लग्न झालं की सांगू म्हटलं. मग धाकटीचं. मग वाटलं, आता उशीर झाला, आता कोणत्या तोंडानं सांगू? पण आज तुमी असं बोलल्या अन् माह्यानं राहवलं नाही. मले माफ करा."

आई त्याच्याकडं खूप वेळ बघत होती. तिच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगू शकत नाही. शेवटी तिनं हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"जाऊ दे बाबू," ती म्हणाली. "मी तरी कुठं कोणाले सांगतलं होतं? तू हाय ना, तुह्या पोरी हाय ना. भिजला तं कापूसच भिजला."

इंद्रभानसाहेबांनी विचारलं, "बाई, आता काय करायचं? खणायचं पुढं?"

आई उठून उभी राहिली. गुडघ्यांना लागलेली माती झटकली.

"नाही. बुजवा ते."

"पक्कं?" वहाबचाचा म्हणाले. "मग पाणी येईन, भाभी."

"येऊ द्या. ज्यानं त्याइले ठेवून घेतलं, तो जागा विसरत नाही. पाण्यातून उठवणं त्याले काही जड नाही. अन् आता मले भेटीची भीती नाही, वहाबभाई. उलट घाई आहे. पण ते म्हणाले ना, घाई नाही म्हणून. मी बी वाट पाहीन."

वहाबचाचा कुदळीवर रेलून उभे होते. त्यांची मुलगी मुबीना चौदाव्या वर्षी तापानं गेली होती. पलीकडच्या कब्रस्तानात ती होती आणि तीही जागा पाण्याखाली जाणार होती.

"मुबीनाच्या मयतीत तुमी तिच्या मायले, जहांआराले, हेच म्हणाल्या होत्या," ते सावकाश म्हणाले. "ठेवणारा विसरत नाही. ती अजून बोलते, झुंबरभाभीच्या त्या बोलण्यावर मी ते साल काढलं."

"तवा मी ऐकलेलं सांगतलं होतं," आई म्हणाली. "आज माहं सांगून राह्यली."

वहाबचाचांनी आणि गोकुळनं मिळून ढेकळं परत जागेवर लोटली. इंद्रभानसाहेब प्रार्थनेला उभे राहिले, पण सुरुवात करायच्या आधीच आईनं गीत धरलं. रविवारी जे तिनं गायलं नव्हतं तेच. तिचा आवाज फुटका आहे आणि वरच्या पट्टीत जात नाही. त्या सकाळी ती जिथं पोचली नाही तिथं इंद्रभानसाहेबांनी आवाज लावला, आणि मीही. वहाबचाचा हात बांधून उभे होते. गोकुळ रडत होता, लपवत नव्हता. निघताना आईनं दगडावर हात ठेवला आणि घरून बाजाराला निघाल्यासारखी सहज म्हणाली, "येते."

मे महिन्यात आम्ही नव्या गावठाणात आलो. उघडा माळ, झाडाची सावली नाही, घरं सगळी एकसारखी. पहिल्या आठवड्यात तर वहाबचाचा दोनदा चुकून दुसऱ्याच्या घरात शिरले. आई सामान लावताना कुरकुरत होती. चूल दारासमोर येते, भिंतीला खुंटी नाही, गुडघे दुखतात. तिची कुरकुर ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी एक दिवस रजा वाढवली.

त्या वर्षी पावसानं दगाच दिला. पाणी कब्रस्तानाच्या खालीच थांबलं. वर्षभर बाबांची कबर कोरडी होती, मनात आलं असतं तर रोज जाता आलं असतं. मी तिला विचारलंसुद्धा, जायचं का? ती म्हणाली, "ते काय तिथं बसले आहे का? अन् मले इथं काम काय कमी आहे?" पुढच्या वर्षी मात्र पाऊस भरपूर झाला आणि एका आठवड्यात बोरदरा बुडालं. देवळाचा कळस काही दिवस दिसत होता, मग तोही दिसेनासा झाला. लोक बघायला गेले, रडून आले. आई एकदा गेली, गोकुळच्या गाडीवर मागं बसून. परत आल्यावर म्हणाली, "लय पाणी आहे. बगळे आले आहे."

त्याच वर्षी दिवाळीत अवकाळी बरसला आणि कापून ठेवलेली सोयाबीन शेतातच उगवली. मी म्हटलं, यंदा पीक प्रभूला वाहायचा हंगामाचा सण राहू दे, कुणाकडं काय आहे आणायला? आईनं ऐकलं नाही. आमच्या घरासमोर ताडपत्री बांधली. प्रार्थनाघर अजून उभं राहायचं होतं. बुलढाण्याहून चार घरं आली, देऊळघाटहून एक कुटुंब आलं. कुणी भोपळा आणला, कुणी मूठभर तूर, कुणी नुसती लिंबाची डहाळी. जहांआराचाचीनं बसायला स्वतःच्या हातानं शिवलेली जाड गोधडी आणली. वहाबचाचा आणि गोकुळ मागं उभे होते.

इंद्रभानसाहेबांनी आईला साक्ष द्यायला सांगितली. तिनं आधी गोकुळकडं बघितलं. त्यानं मान हलवली. मग तिनं सगळ्यांसमोर तो अबोला सांगितला, ते चार दिवस सांगितले, आणि सायही सांगितली. सायीपाशी बायका हसल्या. नंतर तिनं डोळे मिटून प्रार्थना केली.

"बापा, तुहे उपकार. आमचं गाव तू इतके वर्षं आमच्याजवळ ठेवलं, त्याचे उपकार. पाणी आलं, त्याचे बी उपकार; खालच्या गावाइच्या शेतात ते जाईन, त्याइचे लेकरं खातीन. माह्या माणसानं चार दिवस एका माणसाले देल्ले, मले तवा ते समजले नाही, आता समजले, त्याचे उपकार. बीटी आली तशी गेली, पीक आलं तसं गेलं. तुहा पोरगा मेला अन् उठला, ते मात्र गेलं नाही. त्याच्यावर आम्ही उभे आहो. आमेन."

जेवणं सुरू झाली तेव्हा आई कुठं दिसेना. जहांआराचाचीला विचारलं.

"अन्नपूर्णाबाईकडं गेली," चाची म्हणाली. "तिची सोयाबीन पुरी गेली ना, तीन दिवसांपासून जेवत नाही म्हणतात."

मी दोन ताटं वाढली आणि माळाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या त्या घरी गेले. दोघी ओट्यावर बसल्या होत्या. बोलत नव्हत्या. आईनं मला बघितलं, जराशी सरकली, आणि मधे मला बसायला जागा केली.